निळा धूर आणि तायडे सर

तायडे सरांनी पहिल्याच भेटीत मला परत पाठवलं. शेंदूरजनाघाटहून अमरावतीपर्यंत पिकअपमध्ये दोरखंडानं आवळून आणलेली आमची चार चाकांची एटीव्ही त्यांनी खाली उतरवून घेतली, हात पाठीमागे बांधून तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "धूर कधी येते?"

"खूप येतो सर. निळा."

"किती येते थे नाई विचारलं. कधी येते? सकाळी पयल्यांदा चालू केली का येते, का गरम झाल्यावर? चढावर येते का उतारावर? गॅस देताना का सोडताना?"

 धूर येतो म्हणजे येतो, एवढंच मी पाहिलं होतं.

"मंग मी काय पाहू? घेऊन जा वापस. आठ दिवस पाहा, वहीत लिहा, मंग या."

"सर, एवढ्या लांबून आणलीय. एकदा उघडून तरी बघा."

"उघडाले थो काय डबा हाय?" असं म्हणून सर आत हात धुवायला गेले. हात कशालाही लागले नव्हते, तरी गेले.

मी इतकी चिडले होते की मोर्शी येईपर्यंत रफिकभाईंशी एक शब्द बोलले नाही. रफिकभाई आमच्या गावचे, पिकअपवाले. संत्र्याच्या हंगामात आमचा माल तेच मंडीत नेतात आणि तायडे सरांचं नाव त्यांनीच सुचवलं होतं. शेवटी तेच म्हणाले, "ताई, सर असेच हायत. माही पिकअप त्यायनं तीनदा वापस केलती. चवथ्यांदा हात लावला. त्याच्यानंतर पाच वर्सं झाले, इंजिनले पाना नाई लागला."

मला पाच वर्षांचं काही नको होतं. मला ती गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी चालू हवी होती.

त्याचं कारण घरात बसलेलं होतं. माझे यजमान भास्करराव यांचा डावा पाय वरुड रस्त्यावरच्या अपघातात गुडघ्याखाली गेला. त्यांचं सगळं आयुष्य संत्र्याच्या बागेत गेलेलं. कुठल्या झाडाला कोणत्या बाजूनं डिंक्या रोग लागतोय, ते त्यांना फांदी न वाकवता कळायचं. कुबडी घेऊन रस्त्यावर चालता येई, पण बागेतल्या मऊ मातीत कुबडी रुतायची. दोनदा पडले. त्यानंतर त्यांनी ओसरीवर खुर्ची टाकली आणि दिवसभर बागेकडे पाठ करून बसू लागले. माझ्या धाकट्या दिरानं चिखलदऱ्याकडच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधून ही चार जाड चाकांची मोटरसायकल आणली. गिअर नाहीत, ब्रेक हातात, गॅस अंगठ्यानं द्यायचा. एका पायाच्या माणसासाठीच केल्यासारखी. गावात तिला ट्रॅक्टरचं पिल्लू म्हणायचे. भास्करराव पहिल्या दिवशी तिच्यावर बसून बागेत गेले ते दुपारचं जेवण विसरले.

चार महिन्यांत ती धूर ओकू लागली. तेल भरावं आणि आठवड्यात कमी व्हावं. वरुडच्या मेस्त्रीनं पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हणून इंजिन खोललं, नव्या रिंगा टाकल्या. महिनाभर बरं चाललं, मग पुन्हा तेच. अकोल्याच्या एका मोठ्या गॅरेजवाल्यानं मोबाईलवर व्हिडिओ पाहिला आणि इंजिनच बदला म्हणाला. दोघंही जे काय बोलले ते माझ्या दिराशी. मी शेजारी उभी असून माझ्याकडे कुणी बघितलं नाही. तायडे सरांनी मला हाकललं, पण हाकललं ते मला. हे मला फार नंतर सुचलं. त्या दिवशी फक्त राग होता.

दादाराव तायडे सर सरकारी तंत्रशाळेत डिझेल मेकॅनिक शिकवून निवृत्त झाले होते. बडनेरा रस्त्याकडे घर, घरामागे पत्र्याची शेड. शेडवर पाटी नव्हती. सर अंगानं काटकुळे, उंच, कानांच्या पाळ्या मोठ्या. पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट मनगटापर्यंत बटणं लावून घालायचे आणि त्याच कपड्यात काम करायचे. शर्टाला तेलाचा डाग पडला तर तो मेस्त्री घाईत होता असं समजायचं, हा त्यांचा हिशेब. शेडच्या एका भिंतीला वर्गातला असावा तसा काळा फळा आणि दुसऱ्या भिंतीला बाबासाहेबांचा फोटो. फोटोसमोर रोज ताजं फूल असे, आणि फळ्यावर त्या दिवशी शेडमध्ये असलेल्या गाडीच्या तक्रारी ओळीनं लिहिलेल्या असत. एका वेळी एकच गाडी. दुसरा कुणी आला तर सर त्याला "पुढच्या हप्त्यात" म्हणत आणि पुढच्या हप्त्यात परत पुढचा हप्ता सांगत.

गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची नव्हती. "बसलेला मानूस बोलते," ते म्हणायचे, "उभा असलेला पायते."

एका शब्दाचा त्यांना विलक्षण तिटकारा होता. तो शब्द म्हणजे 'बहुतेक'. मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा माझ्यापुढे एक ट्रॅक्टरवाला उभा होता. तो म्हणाला, "सर, बहुतेक पंप खराब झाला." सरांनी चष्मा काढला. "बहुतेक नावाचा पार्ट मले अजून कोन्या दुकानात भेटला नाई. तुमाले कुठं भेटला?" ट्रॅक्टरवाला हसला. सर हसले नव्हते, तेव्हा तोही गप्प झाला.

सरांच्या पत्नी शांताकाकू मात्र सगळ्यांची समजूत काढायच्या. मागच्या दारातून चहा आणून द्यायच्या आणि हळूच म्हणायच्या, "त्यायच्या बोलन्यावर जाऊ नका बाई. पोटात काई नसते त्यायच्या." त्यांनीच मला सांगितलं की त्यांच्या एकुलत्या मुलीच्या, प्रज्ञाच्या लग्नात, मंगल परिणय चालू असताना सर मांडवातून गायब झाले. नवरदेवाकडचे लोक शोधायला लागले. सर मांडवामागे जनरेटरजवळ उकिडवे बसले होते. जनरेटरचा आवाज ऐकून त्यांना राहवलं नव्हतं. काकू रागानं गेल्या तर सर म्हणाले, "अर्ध्या घंट्यात बंद पडते हे. तेव्हा फोटो कोन काढनार?" अर्ध्या तासानं जनरेटर खरंच बंद पडला. "पन मी अजून त्यायले माफ नाई केलं," काकू म्हणाल्या. "पोरीच्या त्या येळच्या एकाही फोटोत बाप नाई."

तर ती वही. घरी गेल्यावर मी भास्कररावांना सांगितलं, की आठ दिवस धूर बघून लिहायचाय. ते म्हणाले, "त्या म्हाताऱ्याले येत नसन काई. वेळ काढून राहिला." मग थोड्या वेळानं म्हणाले, "चढावर पाहाचा असन तं विहिरीकडच्या बांधावर न्यावं लागन."

सकाळी ते गाडीवर बसायचे आणि मी मागून सायलेन्सरकडे बघत चालायची. थंड असताना सुरू केली, धूर नाही. विहिरीचा चढ, धूर. उतार, नाही. उभी ठेवून गॅस दिला, थोडा. मी ओरडून सांगायची, ते मान वळवून विचारायचे, "निळा का पांढरा?" तिसऱ्या दिवशी आमचं भांडण झालं. मी राखाडी म्हणत होते आणि त्यांना राखाडी मान्य नव्हता. वही मी नीट लिहिली. किती तेल घातलं, कधी घातलं, कुठवर उतरलं, सगळं. गाडी रात्रभर पुठ्ठ्यावर उभी करून सकाळी पुठ्ठा पाहिला. एक थेंब नाही. तेही लिहिलं.

आठ दिवसांनी परत गाडी चढवली, परत अमरावती. सरांनी वही उभ्या उभ्या दोनदा वाचली. मला वाटलं, आता उघडतील.

"तेल मोजता कुठं?"

"पट्टी असते ना सर, ती काढून..."

"थे नाई. मोजताना गाडी कुठं उभी असते?"

"पंपाच्या खोलीजवळ."

"जमीन कशी हाय तेथची? सपाट का उताराची?"

मी आठवलं. पंपाच्या खोलीजवळ पाणी वाहून जावं म्हणून आम्हीच जमीन एका बाजूला उतरती केली होती. सरांनी वही मिटून माझ्या हातात दिली.

"म्हनजे हे सगळे आकडे खोटे हायत. तेल कमी नसताना तुमी तेल वतलं असन. किंवा कमी असताना भरलेलं दिसलं असन. सपाट जागा शोधा. पुन्हा आठ दिवस."

मी त्या दिवशी त्यांच्या शेडमध्ये उभी राहून ओरडले. मी सहसा ओरडणारी बाई नाही. "सर, तुम्हाला करायचं नसेल तर तसं सांगा! घरी माणूस पुन्हा खुर्ची धरायला लागलाय.  तुमच्या वहीनं तो उठणार नाही!"

शांताकाकू चहाचे कप घेऊन दारातच थांबल्या. सर फळ्याकडे वळले. मग, मला उत्तर दिल्यासारखं न करता, त्यांनी एक गोष्ट सांगितली.

तंत्रशाळेत ते नवे असताना अकोटकडच्या एका गावचं पाणीपुरवठ्याचं डिझेल इंजिन दुरुस्तीला आलं. उन्हाळा होता. इंजिन धापा टाकत होतं. सरांनी दोन मिनिटं आवाज ऐकला आणि पोरांसमोर ऐटीत सांगितलं, रिंगा गेल्या. तिथल्या तिथं हेड खोललं. आत सगळं ठणठणीत. हेडखालचं पातळ पॅकिंग, गॅस्केट, मात्र फाटलं, आणि त्या जुन्या इंजिनचं गॅस्केट कुठं मिळेना. नागपूरहून यायला बारा दिवस लागले. खरा दोष डिझेलच्या नळीच्या एका ढिल्या जोडात होता. तिथून हवा आत जात होती. पाना घेऊन अर्धा फेरा पिळायचं काम.

"बारा दिवस गावाले पानी नाई," सर म्हणाले. "मी इंजिन पोचवाले गेलो तं बाया भांडे घेऊन रस्त्यात उभ्या. त्यायनं मले हात जोडले. सर आले, इंजिन सुदरवून आनलं म्हने. मले तोंड उघडून सांगता नाई आलं का हे मीच बिघडवलं होतं."

एवढं सांगून ते आत गेले. मी वही घेऊन पिकअपमध्ये बसले. गोष्ट ऐकून माझा राग गेला असं म्हणता येणार नाही. बारा दिवसांचं पाप त्यांनी केलं आणि फेडायचं मी, असंच मला वाटत राहिलं.

पुढचे आठ दिवस मी ओसरीसमोरच्या सपाट फरशीवर तेल मोजलं. रोज कमी होत होतं. सरांना फोनवर आकडे सांगितले. ते "हूं" म्हणाले आणि फोन ठेवला. मग मध्येच आमच्याकडे आंबिया बहारासाठी झाडांचं पाणी तोडून ताण द्यायचं काम निघालं, काकूंची तब्येत बिघडली, आणि जवळजवळ महिना असाच गेला. गाडी धूर सोडत चालत राहिली. भास्करराव रोज एक फेरी मारायचे, पण चेहरा पुन्हा पूर्वीसारखा होत चालला होता. एक दिवस ते गाडी बांधावर सोडून कुबडीनं परत आले. "राहू दे," म्हणाले. "मले त्या धुराची लाज वाटते. लोकं दुरून पायतात."

मी त्याच संध्याकाळी सरांना फोन केला. आवाज चढवण्याचीही ताकद नव्हती. जे झालं ते सांगितलं.  सर म्हणाले, "उभी गाडी सांगत नाई काई. चालती पाहा लागन. मी येतो."

दुसऱ्या दिवशी ते एसटीनं आले. कापडी पिशवी, पाण्याची बाटली, आणि तोच पांढरा शर्ट. चहा नको म्हणाले. भास्कररावांना नमस्कार केला, त्यांच्या पायाकडे सरळ पाहिलं, जसं कुणी पाहत नसे, आणि म्हणाले, "गाडीवर चढाले-उतराले तरास होते का?"

"नाई," भास्करराव म्हणाले.

"मंग चला. विहिरीच्या चढावर न्या. मी मांगून येतो."

संत्र्याच्या ओळीतून एटीव्ही पुढे, सर मागे, त्यांच्या मागे मी. चढाच्या मध्यावर सर ओरडले, "थांबा! बंद नका करू!" आणि त्या वयात मातीत गुडघे टेकून गाडीखाली वाकले. चेनच्या पुढच्या चक्राजवळून तेलाची बारीक धार येत होती आणि चेन ते तेल मागं उडवत होती. इंजिन बंद केल्याबरोबर धार थांबली. म्हणून पुठ्ठ्यावर थेंब पडत नव्हता.

"जळून जात नाई जास्त," सर म्हणाले. "आतून कोनीतरी ढकलून राहिलं."

त्यांनी सीट काढली. इंजिनमधली कोंडलेली हवा बाहेर जायला एक रबरी नळी असते. ती एअर फिल्टरच्या डब्याला जोडलेली हवी. रिसॉर्टवाल्या कुणीतरी ती काढून सीटखाली तशीच लोंबती सोडली होती. सरांनी नळीचं टोक माझ्यासमोर धरलं. ते मातीनं बंद होतं. साधी माती नव्हे, गुळगुळीत लिंपलेली. कुंभारीण माशीनं तिथं घर केलं होतं. हवेला वाट नाही, म्हणून इंजिन मिळेल त्या फटीतून तेल बाहेर ढकलत होतं.

मला हसू आलं आणि रडूही. इतक्या महिन्यांचा त्रास एका माशीमुळं! भास्करराव तर मोठ्यानं हसले. कित्येक दिवसांनी.

सर हसले नाहीत. ते फिल्टरचा डबा उघडत होते. त्यांनी फिल्टरचा स्पंज काढला, बोटांनी चोळला, मग रुमालाचं टोक आतल्या नळीत फिरवून बाहेर काढलं. रुमालाला तांबडी धूळ लागली होती.

"हा फिल्टर कोन धुते?"

"मी," मी अभिमानानं म्हटलं. "दर पंधरा दिवसांनी. पेट्रोलनं धुऊन उन्हात वाळवते. एकदम स्वच्छ."

"अन् वाळल्यावर तेल लावता का त्याले?"

"तेल? नाही. परत घाण होईल ना."

"या फिल्टरले तेल लावा लागते ताई. तेलाले धूळ चिकटते. कोरड्यातून सरळ आत जाते. बागेतली माती जाऊन राहिली सिलिंडरमंधी. नव्या रिंगा महिन्यात काहून गेल्या, थे समजलं आता." मग जराही आवाज न बदलता ते म्हणाले, "माशीनं तेल काढलं. पन इंजिन तुमी खाल्लं."

नवऱ्यासमोर. माझ्या बागेत. मी ताडकन म्हटलं, "मला कुणी सांगितलं का तसं? एकानं तरी?"

"तुमी विचारलं का?"

"कुणाला विचारणार? बोलतं कोण माझ्याशी?"

 स्पंज सरांच्या हातात होता. तो त्यांनी नीट घडी करून सीटवर ठेवला, आणि मला आजही आठवतं, खिशातून स्वतःची छोटी वही काढली.

"बराबर हाय," ते म्हणाले. "मी बी नाई सांगितलं. फिल्टर पाहाले पाना लागत नाई, इंजिन खोला लागत नाई. तुमी पयल्या दिवशी आल्या तेव्हाच दोन मिनटात पाहाले पायजे होता. पोरायले मी हेच पयलं शिकवत होतो. तुमाले दोनदा वापस धाडलं, अन् तेवढे दिवस माती आत जातच राहिली. थे माह्याकडून झालं." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग भास्कररावांकडे वळून म्हणाले, "तुमची माफी मांगतो. अर्धं इंजिन मीबी खाल्लं."

भास्करराव गोंधळले. त्यांची माफी मागणारा माणूस त्यांना कधी भेटलाच नव्हता. ज्याच्या ट्रकनं पाय गेला तोही नाही. ते नुसते "चालते, चालते" म्हणत राहिले. मला मात्र कळेना, या माणसावर आता चिडावं कसं.

दुरुस्ती सरांनी आमच्याच पंपाच्या खोलीत केली. सिलिंडर घासून मोठा करायला अकोल्याला गेला, मोठ्या मापाचा पिस्टन यायला तीन आठवडे लागले. पिस्टन आला त्या दिवशी सर पुन्हा एसटीनं आले. स्टुलावर फडकं पसरून सगळे सुटे भाग मांडले आणि भास्कररावांना हाक मारली.

"या इकडं. बसा."

"मले काय येते त्याच्यातलं?"

"पाय नाई लागत याले. हात चांगले हायत ना तुमचे?"

मला ते बोलणं टोचलं. पण भास्करराव येऊन बसले. सरांनी एकही नट स्वतः पिळला नाही. कागदाएवढी पातळ पोलादी पट्टी भास्कररावांच्या हातात देऊन व्हॉल्व्हची फट मोजायला लावली. "अटकते का?" "थोडी." "थोडी म्हनजे? लोन्यात सुरी जाते तशी, का दह्यात?" चार वेळा चुकलं, चार वेळा सरांनी खोलायला लावलं. दुपारी मी जेवायला बोलवायला गेले तर दोघंही माझ्यावरच खेकसले.

गाडी सुरू केली आणि भक्कन धूर निघाला. निळाच. भास्कररावांनी पाना फेकून दिला. मी दाराला टेकले. मला आता कुणाचंच काही ऐकायचं नव्हतं. सर मात्र सायलेन्सरमागं एक पांढरं फडकं धरून उभे राहिले. "बसवताना लावलेलं तेल जळून राहिलं. जळू द्या." पाच मिनिटं गेली, दहा गेली. ते फडकं बघत, उलटं करत, पुन्हा धरत. वीस मिनिटांनी त्यांनी फडकं माझ्या हातात दिलं. ओलसर होतं, पण त्यावर तेलाचा ठिपका नव्हता.

"आता पूर्ण बरी झाली ना सर?" मी विचारलं.

"जुनी गाडी हाय. थोडं तेल खाईनच. मोजत राहा."

एवढंही समाधान त्यांनी दिलं नाही. निघताना मी संत्र्यांची पिशवी दिली, ती मात्र घेतली. काकूंना आवडतात म्हणून.

त्या उन्हाळ्यात शांताकाकू गेल्या. आम्ही भेटायला गेलो तेव्हा शेडला कुलूप होतं आणि प्रज्ञा सामान बांधत होती. ती अकोल्याला बँकेत आहे. वडिलांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं, आणि सरांचे हातही कापायला लागले होते. डॉक्टरांनी नाव सांगितलं होतं त्या आजाराचं. सर मला म्हणाले, "पाना धरता येते. पन नटावर बसत नाई." फळा त्यांनी बरोबर नेऊ नये म्हणून प्रज्ञा त्यांची समजूत घालत होती.

गेल्या हिवाळ्यात आम्ही अकोल्याला गेलो. भास्कररावांना त्यांना भेटायचं होतं. आता गावात कुणाचा फवारणी पंप बिघडला की लोक आमच्या ओसरीवर आणून ठेवतात, आणि हे त्या लोकांना उलटसुलट प्रश्न विचारून हैराण करतात. ते सरांना सांगायचं होतं. प्रज्ञाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. तिनं खालीच गाठलं आम्हाला, तोंड उतरलेलं.

"बाबा पार्किंगमध्येच असतात दिवसभर," ती म्हणाली. "सोसायटीनं मला लेखी पत्र दिलंय. मी काय करू सांगा!"

सर लोकांच्या गाड्यांखाली वाकून बघतात आणि काचेवर चिठ्ठ्या लावतात, अशी तक्रार होती. मी एक चिठ्ठी पाहिली. वेडंवाकडं अक्षर: 'आपल्या गाडीचे तेल मागील बाजूने गळत आहे. त्वरित पाहावे. दा. तायडे.' कुणाला त्यात हेरगिरी वाटली, कुणाला अपमान. एका बाईंनी तर पोलिसांत जाईन म्हणून सांगितलं होतं.

सर आम्हाला पाहून खूश झाले की नाही, ते चेहऱ्यावरून कळलं नाही. त्यांनी भास्कररावांचं सगळं ऐकून घेतलं, मधेमधे मान हलवली. मग म्हणाले, "इथं कोनालेच काई विचाराचं नाई. सगळे फोन करतात, मानूस येते अन् गाडी घेऊन जाते." प्रज्ञाकडे बघत, "पोरीले तरास होते माह्यापायी. मले समजते. पन दिसल्यावर सांगू नाई का?"

आम्ही निघालो. रफिकभाई पिकअप वळवत होते तेव्हा एक तरुण माणूस जिन्यातून खाली आला, आपल्या मोटारीच्या काचेवरची चिठ्ठी काढून वाचली, चुरगाळली आणि सरांच्या पायाशी टाकली. "काका, कितीदा सांगायचं तुम्हाला?" असं काहीतरी म्हणाला आणि फोन वाजला म्हणून बोलत बोलत फाटकाकडे गेला. प्रज्ञा पुढं धावली. सरांनी तिला हातानं थांबवलं. त्यांनी खिशातून दुसरा कागद काढला, खांबावर टेकवला आणि कापणारं मनगट डाव्या हातानं घट्ट धरून लिहायला लागले. एकेक अक्षराला वेळ लागत होता. रफिकभाईंनी गाडी बंद केली. कुणीच त्यांना थांबायला सांगितलं नव्हतं, तरी ते थांबले आणि आम्ही सगळे तसेच बसून राहिलो. लिहून झाल्यावर सरांनी कागद लांब धरून एकदा वाचला, मोटारीच्या वायपरखाली तो नीट सरळ बसवला, आणि भिंतीचा आधार घेत पुढच्या गाडीकडे गेले.